जुन्या पुस्तकाची नवी शिवण

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी उरुळी, यवत मागे टाकून केडगावला थांबते. आजच्या दौंड तालुक्यातलं हे गाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनसाठी ओळखलं जातं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या आणि त्यांना इथे आसरा दिला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. एवढ्या बायकांच्या हातांना काम हवं होतं. म्हणून शेती, विणकाम, सुतारकाम अशी खाती निघाली आणि त्यांतलंच एक होतं छापखान्याचं. खिळे जुळवण्यापासून छपाई आणि बांधणीपर्यंत सगळं काम मुलीच करत.

या छापखान्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे रमाबाईंनी स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. मिशनऱ्यांचं जुनं मराठी बायबल त्यांना संस्कृतनं जड झालेलं वाटे. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचून कळेल असं बायबल हवं, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि थेट मूळ भाषांतून भाषांतर हाती घेतलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

रमाबाईंच्या चरित्रांत भाषांतराबद्दल बरंच लिहिलं जातं, बांधणीबद्दल क्वचितच. खरं तर बांधणीच्या कारागिराला विचारलं तर बायबल हे त्याच्या कसोटीचं पुस्तक आहे. हजाराच्या वर पानं. सोळा पानांच्या फर्म्याच्या हिशेबानं साठहून अधिक घड्या. त्यातून हे पुस्तक रोज उघडलं जाणार, कधी मांडीवर, कधी जमिनीवर. मध्येच उघडलं तरी सपाट पडलं पाहिजे आणि वर्षानुवर्षं तसं पडत राहिलं पाहिजे. हीच अपेक्षा आपल्याकडे ज्ञानेश्वरीकडून आणि तुकोबांच्या गाथेकडून असते. तुकाराम महाराजांची पालखी याच तालुक्यातून यवत, वरवंड, पाटस करत पुढे जाते. या पट्ट्यातल्या गावागावांत सप्ताह होतात, पारायणं होतात. घरात सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं आणि म्हणून सगळ्यात आधी पाठ मोडलेलं पुस्तक कोणतं, हे इथे विचारावं लागत नाही.

रमाबाईंचा जन्म पुराणिकाच्या घरातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत गावोगाव फिरले. त्या घरातला ग्रंथ म्हणजे पोथी: सुटी आडवी पानं, वर-खाली फळी, भोवती कापड. पोथीला पाठ नाही, त्यामुळे पाठ मोडण्याचा प्रश्न नाही. एक पान फाटलं तर तेवढंच नव्यानं लिहून घालता येतं. छापखाने आल्यावरही शिवलीलामृत, पांडवप्रताप अशा पोथ्या सुट्या पानांच्याच छापल्या जात राहिल्या, ते उगाच नव्हे. शिवलेल्या पुस्तकाचं बळ आणि दुखणं दोन्ही एकाच जागी असतं: घडीच्या आतल्या त्या रेषेवर, जिथून दोरा जातो.

ती रेषा नीट समजली की जुन्या पुस्तकाची फेरबांधणी समजते.

छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की एक फर्मा तयार होतो, आठ किंवा सोळा पानांचा. बांधणीवाले त्याला जुज म्हणतात आणि जुज घडीतून शिवून एकमेकाला जोडण्याच्या कामाला जुजबंदी. घडीच्या कण्यावर चार-पाच भोकं पाडतात. सुई पहिल्या भोकातून आत जाते, घडीच्या पोटातून सरकते, पाठीवर आडव्या लावलेल्या फितीजवळ बाहेर येते, फीत ओलांडते, पुन्हा आत शिरते. जुजाच्या टोकाला पोचली की खालच्या जुजाच्या दोऱ्याखालून फिरवून अडकवायची आणि त्यावर पुढचा जुज ठेवायचा. दोरा तागाचा किंवा सुती, मेण लावलेला. मेणानं दोरा गुंतत नाही आणि भोकात घट्ट बसतो. ओढ घ्यायची ती पाठीच्या दिशेनंच, काटकोनात ओढलं की कागद चिरलाच. असे साठ जुज एका ताणानं शिवायचे. पहिल्या दहात हात घट्ट आणि शेवटच्या दहात सैल पडला तर पुस्तक पंख्यासारखं एका बाजूला फाकतं.

दोऱ्याची जाडी निवडण्यात निम्मी अक्कल आहे. प्रत्येक घडीत एक दोरा म्हणजे पाठीकडे तेवढी जाडी वाढली. जुज थोडे असतील तर जाड दोरा चालतो. साठ असतील तर बारीकच हवा, नाहीतर पाठ फुगून पुस्तक पाचरीसारखं दिसतं. थोडी फूग मात्र हवीच असते. तिच्याच आधारानं हातोडीनं हलके ठोके देत पाठीला गोलाई देतात. गोल पाठीचं पुस्तक मधून आत खचत नाही.

हे झालं नव्या पुस्तकाचं. जुनं पुस्तक समोर येतं तेव्हा काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी मोजायचं. पानं क्रमानं आहेत का, एखादा फर्मा गहाळ आहे का, चित्राचं पान कुठे चिकटवलेलं होतं, नकाशाची घडी कशी होती. जुन्या मराठी पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो बांधणीवाल्यासाठीच छापलेला. सगळं सुटं झाल्यावर तोच एक वाटाड्या उरतो. जुनी पानं, समासातल्या नोंदी, आतल्या पुठ्ठ्यावर कुणी लिहिलेली जन्मतारीख किंवा उधारी, यांतलं काहीही टाकायचं नाही.

मग पाठ मोकळी करायची. जुन्या पुस्तकाच्या पाठीवर सरस असतो, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला. वाळून तो काचेसारखा कडक होतो. खरवडायला गेलात तर कागद सोबत येतो. म्हणून पाठीवर खळीचा ओला, जाड थर द्यायचा आणि थांबायचं. पंधरा-वीस मिनिटांत सरस ओल पिऊन मऊ होतो, बोथट पट्टीनं निघतो. सगळा निघत नाही, मग पुन्हा थर, पुन्हा थांबणं. त्यानंतर प्रत्येक जुजाच्या पोटातला दोरा कापायचा आणि जुज एकेक करून सोडवायचे. यातला कुठलाही टप्पा अवघड नाही. पण कुठलाही टप्पा घाईनं होत नाही. बाइंडर दिवसभर कमी आणि पुस्तक रात्रभर जास्त काम करतं, म्हणजे वाळतं. दाबाखाली वाळायला ठेवलेलं पुस्तक बारा तासांआधी उघडणाऱ्याला आधीचे सगळे कष्ट पुन्हा करावे लागतात.

सुटलेल्या जुजांत बाहेरच्या घड्या बहुधा चिरलेल्या असतात. चार वेगळी पानं झालेली असतात, त्यांच्या परत दोन जोड्या करायच्या असतात. त्यासाठी घडीच्या पाठीवर पातळ, लांब तंतूंच्या कागदाची पट्टी खळीनं लावतात. ही पट्टी कात्रीनं कापत नाहीत, ओल्या ब्रशानं रेघ ओढून फाडतात. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात, ते जुन्या कागदात मिसळतात आणि कडा बोटाला लागत नाही. जपानी कोझोचा कागद यासाठी जगभर वापरतात, नेपाळचा लोकताही चालतो. आपल्याकडच्या अभिलेखागारांत फार झिजलेल्या पानावर रेशमी शिफॉन चढवण्याची रीत होती. त्यातून अक्षर वाचता येतं आणि पान एकसंध राहतं.

कागदाला रेषा असते, हे अनेक शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू एका दिशेला झुकलेले असतात. त्या दिशेनं कागद सहज दुमडतो आणि ओला झाला की आडव्या दिशेनं जास्त फुगतो. पुस्तकात ही रेषा पाठीला समांतर असावी लागते: पानाची, अस्तराची, पुठ्ठ्याचीही. उलटी पडली तर पानं उलटत नाहीत, अडून उभी राहतात आणि पुठ्ठा होडीसारखा वाकतो. हातकागदात ही अडचण फार कमी. पुणे जिल्ह्यातच जुन्नरला कागद बनत असे, आणि पेशवाईच्या दप्तरांतले असे कागद अजून लवचिक आहेत.

खळीचं प्रकरण मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं पुस्तक तिच्यावर उभं असतं. बाजारातला बाइंडर मैदा शिजवतो. एका भांड्याला पाच-सहा भांडी पाणी, मंद आच, सतत ढवळणं, गार झाल्यावर फडक्यातून गाळणं. त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. किडे दूर राहतात हे खरं. पण मोरचुदात तांबं असतं आणि तांब्याचा अंश कागदातल्या तंतूंची झीज वेगानं घडवून आणतो, हे आता नीट कळलं आहे. दहा वर्षं वापरायच्या वहीला मोरचूद चालेल. आजोबांच्या गाथेला नको.

मैद्यापेक्षा चांगली खळ गव्हाच्या सत्त्वाची, आणि ते काढायची कृती शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही घरात ठाऊक असते. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून गाळायचे, चोथा वेगळा करायचा आणि खाली बसलेला पांढरा चीक ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं. चोथ्यासोबत गव्हातला चिवट भाग आणि कोंडा निघून जातो. उरतं ते स्वच्छ सत्त्व. जपानमधले जुन्या चित्रांचे, पोथ्यांचे कारागीर नेमकं हेच वापरतात. तिथे तर ही खळ शिजवून, मडक्यात दहा-दहा वर्षं मुरवून, मऊ पकडीची करून घेण्याची परंपरा आहे. गव्हाच्या खळीची मोठी खूण म्हणजे तिला पाणी लावलं की ती पुन्हा सुटते. पन्नास वर्षांनी कुणाला हे पुस्तक परत उसवायचं असेल तर तो कागद न फाडता उसवू शकेल. पांढरा तयार गोंद एकदा वाळला की सुटत नाही. पुढच्या बाइंडरला तो घडीसकट कापूनच काढावा लागतो, आणि त्यानंतर जुजबंदी करायला घडीच उरत नाही. माझ्या मते फेरबांधणी चांगली की वाईट, हे ओळखायची एकच कसोटी आहे: ती पुन्हा सोडवता येते का?

शिरूरकडे या विषयाची दुसरीच बाजू सापडते. घोडनदीकाठचं हे गाव इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलं, त्याला आजही लोक घोडनदीच म्हणतात. छावणीमागोमाग व्यापारी पेढ्या आल्या आणि पेढ्यांसोबत चोपड्या. लाल कापडाची, लांबट, दोऱ्यानं शिवलेली, पाडव्याला पूजली जाणारी चोपडी हा आपल्या बाजारपेठांतला अस्सल देशी बांधणीचा नमुना आहे. पुठ्ठा मऊ, जाड दोऱ्याची शिवण उघड, सरसाचा वापर नावापुरता. मांडीवर घेऊन लिहिण्यासाठी आणि गुंडाळून ठेवण्यासाठी केलेली वस्तू.

या चोपड्यांतून किती आग धुमसत होती हे १८७५ ला दिसलं. त्याआधी, डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला होता. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे इथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि तो वणवा आसपासच्या तालुक्यांत पसरला. शिरूरही त्यात आलं. माणसांना मारण्यापेक्षा जमावाचा रोख कागदांवर होता: कर्जरोखे, हुकूमनामे, हिशेबाच्या चोपड्या. सापडतील त्या फाडल्या, जाळल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला त्या बांधलेल्या पानांत आपली जमीन अडकली आहे हे पक्कं ठाऊक होतं. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात सावकारानं ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा अशा तरतुदी आल्या.

हिशेबाची वही बांधलेलीच का हवी, याचं उत्तर बांधणीत आहे. शिवलेल्या वहीतून एक पान काढलं तर त्याच जुजातलं जोडीचं पान सैल होतं. नवं पान घुसवलं तर शिवण सांगते. १९९८ साली हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडला. फायलीतले सुटे कागद हे पुराव्याच्या कायद्यातलं ‘हिशेबाचं पुस्तक’ ठरत नाहीत, कारण पुस्तक म्हणजे सहज सुटी करता येणार नाहीत अशी एकत्र बांधलेली पानं. त्याच प्रकरणातल्या स्पायरल वह्या मात्र पुस्तक ठरल्या. एखाद्या जुजबंदीवाल्याला स्पायरलबद्दलचं हे मत मान्य होईल असं वाटत नाही!

म्हणूनच जुनं दप्तर पुन्हा बांधताना बाइंडरची जबाबदारी दुहेरी होते. जुनी भोकं, जुने डाग, जुनी शिवण कुठून गेली होती याच्या खुणा हा दप्तराच्या खरेपणाचा पुरावा असतो. नवी भोकं न पाडता जुन्याच भोकांतून सुई नेणं हे त्यामुळे केवळ सौंदर्याचं काम राहत नाही.

जुन्या दप्तरांचं महत्त्व अलीकडेच साऱ्या महाराष्ट्राला कळलं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतले गठ्ठे, गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची जनरल रजिस्टरं बाहेर निघाली. कित्येक दशकं कुणी न उघडलेली मोडीतली पानं एकदम शेकडो हातांतून फिरू लागली. नोंद सापडलेल्या घरांनी तिची प्रत मिळवली आणि ती जपण्यासाठी थेट लॅमिनेशनचं दुकान गाठलं. प्रमाणित प्रतीला लॅमिनेशन केलं तर फारसं बिघडत नाही. पण घरातला मूळ जुना कागद, खरेदीखत, आजीची सनद, जुना फोटो, यांच्यावर गरम प्लास्टिक चढवणं म्हणजे तो कागद कायमचा गमावणं. प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागदातलं आम्ल आत कोंडून राहतं. राष्ट्रीय अभिलेखागारानं १९५० च्या दशकात यंत्राशिवाय, हातानं करता येणारी लॅमिनेशनची एक पद्धत काढली होती: पातळ पारदर्शक पापुद्रा, त्यावर टिश्यू कागद आणि ॲसिटोनचा बोळा. तीसुद्धा आज जतनकार शक्यतो टाळतात. दुकानातल्या यंत्राची गोष्टच वेगळी.

आता आम्लाचं. जुना कागद म्हणजे कमजोर कागद, ही समजूत चुकीची आहे. अठराव्या शतकातला चिंध्यांपासून केलेला कागद आजही कडक वाजतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आला, शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ कागदात आली, आणि त्यातून हळूहळू आम्ल तयार होऊ लागलं. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पाचशे पुस्तकं तपासली आणि ग्रंथालयांची झोप उडवली: त्यांतल्या बहुतेकांचा कागद पुढची पन्नास वर्षंही काढणार नव्हता. आपल्याकडे १९२० ते १९६० च्या काळातल्या स्वस्त आवृत्त्या, मासिकांचे अंक, दिवाळी अंक याच कागदावर आहेत.

शिरूर आणि दौंड दोन्ही अवर्षणप्रवण पट्ट्यात. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्यासारखी बुरशी इथे पुस्तकांना सहसा लागत नाही. पण उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात जे तापमान चढतं, त्यानं आम्लाचं काम वेगानं होतं आणि कोरडी हवा कागदातली उरलीसुरली लवचीकता काढून घेते. वाळवी तर आहेच. बाइंडरचंही वेळापत्रक इथला उन्हाळा बिघडवतो: एप्रिल-मे महिन्यात खळ इतक्या झपाट्यानं सुकते की अस्तर लावलेला पुठ्ठा दाबाखाली जाण्याआधीच वाकतो. अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर करायचं आणि पुस्तक लगेच शिकंज्यात घालायचं.

कागद शिवण सोसेल का, हे ठरवायची सोपी परीक्षा आहे. एखाद्या बिनमहत्त्वाच्या पानाचा कोपरा पुढे दुमडा, मागे दुमडा. पाच-सहा वेळा दुमडूनही टिकला तर जुजबंदी करा. दोन-तीन वेळांतच तुटून हातात आला तर दोरा त्या कागदाला करवतीसारखा कापणार. अशा पुस्तकाला शिवू नये. आम्लरहित पुठ्ठ्याची मापाची पेटी करावी, पानांची छायाचित्रं काढून घ्यावीत आणि मूळ प्रत निवांत राहू द्यावी. पुस्तक पोथीसारखं सुटं राहिलं, तर त्यात कमीपणा काय? बाइंडरनं काम नाकारणं हासुद्धा कारागिरीचाच भाग आहे.

कमी करणं शहाणपणाचं असतं हे युरोपला एका पुरानं शिकवलं. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे खालचे मजले चिखलात गेले. जगभरातून बाइंडर धावले. इंग्लंडचे पीटर वॉटर्स, रॉजर पॉवेल यांच्यासोबत गेलेल्या तरुण क्रिस्टोफर क्लार्कसन यांच्या ध्यानात आलं की सरसानं मढवलेली भक्कम पुस्तकं फुगून फाटली होती. सोळाव्या-सतराव्या शतकातली, मऊ चर्मपत्राच्या आवरणाची, सरस जवळजवळ न वापरता नुसती शिवलेली साधी पुस्तकं मात्र पुष्कळशी शाबूत होती. पुढे त्यांनी या बांधणीवर पुस्तिकाच लिहिली, आणि आज जतनकार तीच धाटणी वापरतात. शिरूरच्या व्यापाऱ्याची लाल चोपडी याच कुळातली, हे क्लार्कसन यांनी पाहिलं असतं तर त्यांना आवडलं असतं.

पाच वर्षं आधी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेच पाणी मुळा-मुठेतून शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळालं आणि दौंडवरून पुढे गेलं. नदीकाठच्या गावांना पूर नवा नाही, म्हणून भिजलेल्या पुस्तकांबद्दल दोन ओळी इथे सांगायला हव्यात. ओलं पुस्तक जोर लावून उघडू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, पानांत मध्ये मध्ये टीपकागद किंवा साधा छापाशिवायचा कागद घालून आणि तो बदलत राहून वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते. पुस्तकं जास्त असतील आणि हात कमी, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेलं पुस्तक वाट पाहू शकतं.

वाळवी, ऊन, पूर या सगळ्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एका चौथ्या गोष्टीची. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं उभी राहिली, अ-ब-क-ड वर्ग झाले, तालुक्याच्या गावाला हजारो पुस्तकं आली. ही मोठी गोष्ट आहे. पण या वाचनालयांतली बांधणी बहुतेक ठिकाणी नगावर आणि सर्वांत कमी दरावर दिली जाते. त्या दरात जुजबंदी बसतच नाही. मग काय होतं? पुस्तकाचा जुना पुठ्ठा फाडून टाकतात, त्यासोबत मुखपृष्ठही जातं. पाठ कटिंग मशीनखाली धरून घड्याच कापतात. सुट्या झालेल्या पानांच्या गठ्ठ्याला बाजूनं दाभण मारून आरपार शिवतात, पांढरा गोंद लावतात, वरून रेग्झिन. उरलेल्या तीन बाजूही सरळ दिसाव्यात म्हणून कापल्या जातात. काम अर्ध्या तासात होतं, दिसायलाही टणक. पण ते पुस्तक आता सपाट उघडत नाही. समासातली अक्षरं शिवणीत गेलेली असतात. वाचक पान जबरदस्तीनं दाबतो आणि जुना कागद शिवणीच्या रेषेवर तुटतो. दुसऱ्यांदा बांधायला जागाच नसते. माझं मत कडवट वाटेल, पण तालुक्याच्या वाचनालयांतली जुनी मराठी पुस्तकं वाळवीनं खाल्ली त्याहून जास्त अशा बांधणीनं खाल्ली असावीत.

यात बाइंडरला दोष देणं सोपं आणि अन्यायाचं आहे. नगाला जे पैसे मिळतात त्यात तो गव्हाचं सत्त्व शिजवून रात्रभर वाट कशी पाहील? शिवाय जुजबंदी जाणणारे हात आता पुण्यातही शोधावे लागतात. तालुक्याच्या गावांत बाइंडिंग म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं स्पायरल आणि कॉलेजच्या प्रोजेक्टची काळी जिल्द.

तरी वाचनालयाच्या समितीला एक गोष्ट लगेच करता येईल. सगळ्या पुस्तकांना एकच दर लावू नका. कादंबऱ्यांच्या सहज मिळणाऱ्या नव्या प्रती आहे त्या पद्धतीनं जाऊ द्या, त्या झिजल्या तर नव्या येतील. १९६० च्या आधीची, पुन्हा न छापलेली, स्थानिक इतिहासाची अशी पुस्तकं वेगळी काढा. त्यांच्या दरपत्रकात चार अटी लिहा: पाठ कापायची नाही, बाजूनं शिवायचं नाही, समास छाटायचा नाही, पाण्यानं न सुटणारा गोंद वापरायचा नाही. वर्षाला वीसच पुस्तकं झाली तरी चालतील. आणि या अटींवर काम करणारा कुणी मिळाला, तर त्याला नगावर नको, दिवसांवर पैसे द्या.